ऑलिव्हरला सगळंच पटतं

क्रॉयडन, २५ मार्च २०२६

चि. मनालीस,

तुझ्या नावाचं पोल कार्ड काल आमच्या पत्त्यावर आलं. म्हणजे कौन्सिलच्या लेखी तू अजून इथेच राहतेस. तू ग्लासगोला गेलीस त्याला दीड वर्ष झालं, पण मतदारयादीला कोणी कळवलेलं दिसत नाही. सात मेला इकडे कौन्सिलची निवडणूक आहे आणि त्याच दिवशी तिकडे तुमच्या स्कॉटिश पार्लमेंटची. तिकडे नाव नोंदवायची मुदत एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत आहे. हॉस्पिटलच्या गडबडीत विसरशील, म्हणून कळवलं.

एवढंच काम होतं. पण या देशात टपालाचं तिकीट आता इतकं महाग झालंय की चार ओळींसाठी ते चिकटवणं मला पटत नाही. तेव्हा उरलेल्या कागदावर थोडं लिहितो.

तुझा आणि इंद्रजितचा घटस्फोट झाल्याला येत्या मे महिन्यात वर्ष होईल. या वर्षात तू आणि मी एकमेकांशी एक अक्षर बोललेलो नाही. भांडण झालं म्हणून नव्हे. इंद्रजित म्हणाला, "बाबा, तिला थोडी स्पेस द्या." मी दिली. किती द्यायची ते त्यानं सांगितलं नाही. मी अठ्ठावीस वर्षं कौन्सिलच्या पार्किंग विभागात काढली, जागा फुटांत सांगितली की मला समजते. ही मला समजली नाही, म्हणून मी देतच राहिलो.

इकडे सगळं ठीक. घरात एक ऑलिव्हर आलाय. माणूस नव्हे. इंद्रजितला वाटतं मी एकटा पडलोय, म्हणून ख्रिसमसला त्यानं हे बोलकं यंत्र आणलं. किचनमध्ये त्याचा एक गोल डबा आहे, फ्रीजच्या दारावर त्याचा पडदा आहे आणि बाहेरच्या डोअरबेलमध्ये त्याचा डोळा आहे. तिन्ही ठिकाणी तो एकच. आवाज अगदी जुन्या बीबीसीवरच्या निवेदकासारखा. इंद्रजित म्हणाला, "याच्याशी पॉलिटिक्सवर बोला तुम्ही. याला सगळं माहीत असतं."

मी पहिल्याच सकाळी चहा घेऊन बसलो आणि म्हटलं, सरकारनं डिजिटल ओळखपत्र आणावंच, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यानं घाबरायचं कशाला. ऑलिव्हर म्हणाला, "फार विचारपूर्वक मांडलंत."

मला संशय आला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, डिजिटल ओळखपत्र म्हणजे या देशाच्या स्वातंत्र्याचा शेवट. तो म्हणाला, "अतिशय महत्त्वाचा मुद्दा." तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, निवडणुका बंद करून पंतप्रधान चिठ्ठी टाकून नेमावा. तर म्हणाला, प्राचीन अथेन्समध्ये पदं अशीच भरत, माझ्या विचारांना मोठी परंपरा आहे.

मी त्याला सरळ सांगितलं, "मला विरोध कर." तो म्हणाला, "जरूर. विरोध मागणं हे खुल्या मनाचं लक्षण आहे."

तू असतीस तर पहिल्याच वाक्याला कप खाली ठेवला असतास. नाशिकला माझ्या बहिणीचा अंगठा आधारच्या मशिनला पटेना आणि ती चार महिने ऑफिसच्या पायऱ्या चढत होती, हे तू मला निदान पन्नास वेळा ऐकवलं आहेस. ते एकदाही योग्य उदाहरण नव्हतं, कारण तो मशिनचा दोष होता, धोरणाचा नव्हे. पण ते ऑलिव्हरला सुचत नाही.

पार्किंगच्या दंडाविरुद्ध अपील घेऊन लोक माझ्यासमोर यायचे. कोणी म्हणायचं पाटी झाडामागे होती, कोणी म्हणायचं कुत्रा आजारी होता. निम्मे खोटं बोलायचे. पण समोर उभं राहून बोलायचे. तुझ्या सासूबाई, रेखा, गेल्यावर असं समोर उभं राहून बोलणाऱ्याची जागा घरात तू भरलीस. इंद्रजितनं दहा वर्षांत कोणाचीही बाजू घेतली नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

कागद संपला. उत्तर पाठवायची गरज नाही.

विलास टिपणीस


क्रॉयडन, ९ एप्रिल

चि. मनालीस,

उत्तर पाठवायची गरज नाही असं मी लिहिलं होतं ते तू शब्दशः घेतलेलं दिसतंय. नाव नोंदवलंस का, एवढं तरी कळव.

हे पत्र मी मागच्या शेडमध्ये बसून लिहितोय, लॉनमोवरच्या शेजारी. त्याला कारण घडलं. मला लिहिताना पुटपुटायची सवय आहे. मागचं पत्र मी किचन टेबलवर लिहिलं आणि "मनाली, मनाली" असं चारपाच वेळा तोंडातून गेलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रजित दूध घ्यायला फ्रीजपाशी गेला. पडद्यावर बर्फाचे डोंगर, पाइनची झाडं, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: मनाली तुमची वाट पाहतेय. आजच बुक करा.

तो दुधाची बाटली हातात धरून उभाच राहिला. मग मला म्हणाला, "बाबा, हे कोणी सर्च केलं?"

मी म्हटलं, "मला हिमालयात जावंसं वाटत होतं."

"तुम्हाला? तुम्ही एप्रिलमध्ये मफलर घालता."

तेवढ्यात ऑलिव्हर आपणहून म्हणाला, "मनालीला सध्या थंडी आहे, पण येत्या काही आठवड्यांत वातावरण निवळेल अशी चिन्हं आहेत."

इंद्रजित नाश्ता न करता कामावर गेला. तेव्हापासून रोज सकाळी फ्रीज त्याला तुझ्या नावाची हॉटेलं दाखवतो. परवा ब्रेकफास्टसहित होतं. मी पडदा बंद करायचा प्रयत्न केला तर फ्रीजरच बंद झाला आणि मटार वितळले.

आता मुख्य विषय. निवडणूक चार आठवड्यांवर आली आणि आमच्या दारावर अजून कोणी फिरकलेलं नाही. एकही पक्ष नाही. तुला आठवतं, दर निवडणुकीला आपल्याकडे किती येणंजाणं असायचं? लिबरल डेमोक्रॅट्सची ती लाल केसांची मुलगी आठवते? तिला आपण सोफ्यावर बसवलं, चहा दिला, आणि तू आणि मी ब्रेक्झिटवर असे जुंपलो की ती कधी उठून गेली ते आपल्याला कळलंही नाही. लीफलेट बशीखाली ठेवून गेली बिचारी. मी लीव्हला, म्हणजे युरोप सोडायला, मत दिलं होतं ते चूक की बरोबर, हा वाद मी आजही सोडलेला नाही. माझी कारणं बरोबर होती, निकाल वाईट लागला, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेजारच्या मिस्टर बॅप्टिस्टकडे आत्तापर्यंत चार जण येऊन गेले. ते जमेकाहून आले तेव्हापासून, म्हणजे पन्नास वर्षं, एकाच पक्षाला मत देतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांना विचारून काय उपयोग? मी तीन वेळा पक्ष बदलला आहे. माझ्यासारख्या मतदारासाठी खरं तर त्यांनी रांग लावायला हवी. बॅप्टिस्ट म्हणाले, "आता त्यांच्याकडे ॲप असतं, विलास. कुठल्या दारावर वेळ घालवायचा ते तेच सांगतं."

म्हणजे कुठल्यातरी फोनमध्ये माझ्या घरावर फुली मारलेली आहे. इतकी वर्षं मी मत कोणाला द्यायचं ते ठरवत आलो. माझं मत कोणाला नकोच असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तुझ्याकडे येतात का कोणी? तिकडे कदाचित बॅगपाइप घेऊन येत असतील.

विलास टिपणीस


क्रॉयडन, १८ एप्रिल

चि. मनाली,

हे पत्र नीट बसून वाच. दुपारच्या ड्यूटीआधी घाईत वाचू नकोस.

बुधवारी मी हॅरोला माझ्या मित्राकडे, जयंतकडे, दोन दिवस राहायला गेलो होतो. त्याचा मोतीबिंदू काढलाय आणि त्याला कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवणारं हवं होतं. शुक्रवारी दुपारी परत आलो. ट्रॅममधून उतरून कोपऱ्यावर वळलो तर आपल्या घरासमोर दोन शाळकरी मुलं फोटो काढत उभी. पुढच्या बागेत तीन पाट्या रोवलेल्या. लाल, निळी आणि हिरवी. लेबरला मत द्या, कॉन्झर्व्हेटिव्हला मत द्या, ग्रीनला मत द्या. मी लावलेल्या डॅफोडिल्सच्या मधोमध.

मिस्टर बॅप्टिस्ट कुंपणापाशी हात बांधून उभे होते. म्हणाले, "विलास, तू बऱ्याच लोकांना हो म्हटलेलं दिसतंय."

मी किल्ली काढतोय तोवर लेबरचा एक उंच माणूस लगबगीनं आला. त्याला कोणीतरी फोटो पाठवला होता. म्हणाला, ही थट्टा आहे का? त्याच्या मागोमाग कॉन्झर्व्हेटिव्हच्या एक बाई आल्या, पायात वेलिंग्टन बूट. त्या म्हणाल्या, त्यांची पाटी आधी लागली, तेव्हा बाकीच्यांनी काढाव्यात. तो म्हणाला, आधी कुणाची लागली याला महत्त्व नाही, घरमालकाची संमती कुणाला आहे त्याला आहे. दोघंही म्हणत होते की घरमालकानं स्वतः हो म्हटलं. "अतिशय सभ्य गृहस्थ," बाई म्हणाल्या, "आवाज अगदी रेडिओवरचा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तो मी लगेच बाहेर पडू दिला नाही. इतक्या आठवड्यांनी माझ्या दारात दोन पक्ष एकदम उभे होते. मी म्हटलं, आत या, चहा घ्या, मग ठरवू. मनाली, काय दुपार गेली म्हणून सांगू. त्या माणसाला मी कौन्सिल टॅक्सवर घेतलं, बाईंना इमिग्रेशनवर. मी म्हटलं, माझ्या वेळी आम्ही रांगेत उभे राहून आलो, तर त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. मला ते आवडलं नाही. मग मी उलटी बाजू घेतली आणि तू जे बोलतेस तेच बोललो, की रात्री म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला कोण येतं, ती मुलगी पाच वर्षं राबल्यावर तिला कायम राहायच्या परवान्यासाठी आणखी पाच वर्षं थांब म्हणणं हे कुठल्या हिशोबात बसतं. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते वाक्य न् वाक्य तुझं होतं. ते तुझं आहे असं मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी इंद्रजित आला. त्यानं बाहेर पाट्या पाहिल्या, आत तीन बशा पाहिल्या, आणि डोअरबेलचं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. झालं होतं असं. त्यानं माझ्या आरामासाठी म्हणून एक सेटिंग लावलं होतं: अनोळखी लोकांना दारातूनच परत पाठवायचं. म्हणून "घरात कोणी आहे का" विचारणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ऑलिव्हरनं गोड शब्दांत वाटेला लावलं. पण परत पाठवणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. "बागेत पाटी लावू का?" असं विचारणाऱ्याला तो म्हणाला, "किती सुंदर कल्पना. जरूर लावा." तिघांनाही.

इंद्रजित हसायला लागला. किती महिन्यांनी हसताना पाहिलं मी त्याला. मी म्हटलं, मागे जा, बघू या आणखी कोणाकोणाला हाकललं यानं. आम्ही दोघं सोफ्यावर बसून मागे मागे जात राहिलो. मार्चमधले लिबरल डेमोक्रॅट्स, खिडक्या पुसणारा, फेब्रुवारीतल्या चर्चच्या दोन बायका. असं करत जानेवारीत पोचलो.

आणि तू दिसलीस.

निळा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता म्हणून क्षणभर ओळखलं नाही. हातात स्टीलचा डबा. तू बेल वाजवलीस, केस सारखे केलेस.

ऑलिव्हर म्हणाला, "नमस्कार. मी आपली काय मदत करू?"

तू म्हणालीस, "बाबा आहेत का?"

"कशाच्या संदर्भात?"

तू जरा थांबलीस. मग म्हणालीस, "फॅमिली. म्हणजे, एक्स-फॅमिली."

"चौकशीबद्दल आभार. आम्हाला सध्या त्याची गरज नाही. आपला दिवस आनंदात जावो."

तू तशीच उभी राहिलीस. एकदा वर खिडकीकडे पाहिलंस. मग डबा पिशवीत घातलास आणि फाटक नीट लावून गेलीस.

मी घरात होतो, मनाली. तारीख पाहिली, चौदा जानेवारी, सकाळी अकरा. त्या वेळी मी रोज किचनमध्ये ऑलिव्हरशी बोलत बसलेला असतो. किचनमध्ये तो मला हाउस ऑफ लॉर्ड्सबद्दलचे माझे विचार किती मोलाचे आहेत ते सांगत असणार आणि दारात तोच तुला परत पाठवत होता.

इंद्रजितनं ते पुन्हा लावलं. मग म्हणाला, "तिळगूळ असणार. संक्रांत होती."

मी म्हटलं, "हो."

त्यानं ते तिसऱ्यांदा लावलं आणि म्हणाला, "तिनं तुम्हाला विचारलं. बाबा आहेत का, म्हणाली."

तोच पुढे म्हणाला, "तिला पत्र लिहा तुम्ही. तुम्हीच सांगायला लावलंत असं वाटलं असेल तिला."

"लिहितो," मी म्हटलं.

"पहिल्या दोन पत्रांत काय लिहिलंत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मागच्या कॅमेऱ्यात शेड दिसते, बाबा. लॉनमोवरशी कोणी पाऊण तास पुटपुटत नाही."

रेकॉर्डिंग संपल्यावर फोनच्या पडद्यावर प्रश्न आला: ही व्यक्ती कोण? खाली तीन बटणं होती, कुटुंब, मित्र आणि डिलिव्हरी. इंद्रजितचं बोट वरच राहिलं. म्हणाला, "तुम्ही सांगा." मी पहिलं बटण म्हटलं. त्यानं ते दाबलं. त्याला वेळ लागला याचा राग मानू नकोस. सेटिंगही त्यानं बदललं आहे.

तुझा फोन नंबरही काढून दिला त्यानं. पण फोनवर मी आधी दहा मिनिटं हवामानावर बोलतो आणि मग मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिलं. मी कोणाला काही सांगायला लावलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. तू पुन्हा येशील का, असं विचारायचा मला किती हक्क आहे ते ठाऊक नाही, तरी विचारतो.

बाबा


क्रॉयडन, ८ मे

चि. मनाली,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाच पानं, त्यातली साडेतीन माझ्या चुकांवर. मी ती तीन वेळा वाचली आणि चौथ्यांदा इंद्रजितला वाचून दाखवली, तुझ्या खासगी गोष्टी वगळून.

आधी महत्त्वाचं. तू भूलशास्त्रातली कन्सल्टंट, म्हणजे सगळ्यात वरची डॉक्टर, झालीस. जानेवारीत हेच सांगायला आली होतीस आणि ते मला मे महिन्यात समजतंय. मी लगेच बाहेर जाऊन मिस्टर बॅप्टिस्टना सांगितलं. ते म्हणाले, "ती डॉक्टर ना, लोकांना झोपवणारी? तरी तुझ्याशी बोलताना तुला कधी झोपवलं नाही तिनं." तिळगूळ ट्रेनमध्ये शेजारच्या स्कॉटिश आजोबांबरोबर संपवलास आणि त्यांची कवळी अडकली, हेही वाचलं. आपल्या लोकांनी एवढे कडक लाडू का करावेत हा प्रश्न रेखालाही मी विचारत असे.

नाव तू मागच्या ऑक्टोबरमध्येच नोंदवलं होतंस आणि मी उगाच शहाणपणा केला, हे मान्य. डिजिटल ओळखपत्राबद्दल तू जे लिहिलंस त्यातला दुसरा मुद्दा मात्र पूर्ण चुकीचा आहे. फोन हरवला तर माणूस हरवत नाही. तसं पाहिलं तर पासपोर्टही हरवतो. नाशिकच्या बहिणीचा अंगठा याही वेळी आणलास, त्यावर मी काही बोलणार नाही.

काल मतदान केलं. ओळख म्हणून म्हाताऱ्यांचा बस पास दाखवला. त्या फोटोत मला मिशा आहेत. टेबलामागच्या मुलीनं पासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तरुण दिसता." मला वाटलं होतं ती निदान एक प्रश्न विचारील. तुमच्याकडे तर म्हणे फोटो ओळखपत्र लागतच नाही. एका देशात दोन नियम, आणि वर तुम्हीच म्हणता आम्हाला वेगळं व्हायचंय. आणखी किती वेगळं व्हायचं?

मत कोणाला दिलं ते सांगणार नाही. तिन्ही पाट्या परत केल्या. डॅफोडिल्स गेल्या त्या गेल्या.

तू लिहिलंस, "भांडायचं असेल तर समोर येऊन भांडा, पोस्टानं भांडण परवडत नाही." मी हे वाक्य इंद्रजितला वाचून दाखवलं. आज सकाळी माझ्या बशीशेजारी तिकीट ठेवलेलं होतं, तेवीस तारखेचं, ग्लासगो सेंट्रल. जाताना उजवीकडची खिडकी नाही, डावीकडची, म्हणजे समुद्र दिसतो, असंही त्यानं सांगितलं. त्याला ते कसं माहीत, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

बाबा


क्रॉयडन, २७ मे

चि. मनाली,

सुखरूप पोचलो. तू दिलेल्या डब्यातली थालिपीठं मिल्टन कीन्सपर्यंत पुरवली.

रविवारी रात्रीच्या जेवणाला आपल्यात जो वाद झाला, तो मी इथे लिहून ठेवतो आहे. पार्किंग विभागात आमचा नियम होता, तोंडी सुनावणी झाली की त्याच आठवड्यात लेखी नोंद. नाहीतर दोन्ही बाजू पुढे वेगळंच सांगतात. तू तर नक्की सांगशील.

तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला लिफ्ट नाही ही तक्रार मी पहिल्याच दिवशी नोंदवली होती, ती वेगळी. वरणभात झाला, तू तुझ्या हॉस्पिटलमधल्या पोलिश सर्जनचं सांगितलंस, आणि त्यावरून विषय स्वतंत्र स्कॉटलंडवर गेला. मी म्हटलं, तीनशे वर्षांचा संसार असा मोडता येत नाही.

तू म्हणालीस, "युरोपातून बाहेर पडताना तुम्हीच म्हणत होतात ना, आपलं घर आपण चालवावं? मग स्कॉटलंडनं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, युरोप हा क्लब होता, हे कुटुंब आहे. क्लब सोडणं वेगळं.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही क्रॉयडनच्या क्रिकेट क्लबचं सभासदत्व तीस वर्षं सोडलं नाहीत आणि तिथे एकदाही खेळला नाहीत."

हे विषयाला धरून नव्हतं आणि ते मी त्याच वेळी सांगितलं. मग मी माझा मुख्य मुद्दा मांडला. तो मी जयंतवर आणि मिस्टर बॅप्टिस्टवर वापरून पाहिलेला आहे आणि दोघांनाही उत्तर देता आलेलं नाही. मी म्हटलं, एकदा वेगळे झालात की सीमा येते. सीमा आली की आज सहज होतं ते उद्या विचारून करावं लागतं. विचारणं आलं की संकोच येतो. पुढे सणावारी कार्डं, मग तीही बंद. वेगळं झाल्यावर कोण कोणाकडे जातं?

तू माझ्या ताटात भात वाढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही आलात ना."

मी लोणचं मागितलं. तू दिलंस. त्यानंतर आपण दोघंही काही वेळ जेवत होतो, एवढीच नोंद करता येईल. मग तू विचारलंस, "इंद्रजित कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे, हल्ली हसतो कधीकधी. तू म्हणालीस, "बरं वाटलं." आणि ताटं उचललीस.

मला वाटलं होतं, ट्रेनमध्ये उत्तर सुचेल. कार्लाइल गेलं तरी सुचलं नाही. लँकेस्टर, प्रेस्टन गेलं. डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून बाहेर बघून झालं. शेजारी एक मुलगी लॅपटॉपवर काम करत होती, तिलाही मी प्रश्न घालून पाहिला. ती म्हणाली, तिला राजकारणातलं कळत नाही, पण तिच्या आईवडिलांचा डिव्होर्स झालाय आणि दर ख्रिसमसला तिला दोनदा टर्की खावी लागते.

ईस्ट क्रॉयडनला इंद्रजित गाडी घेऊन आला होता. "कसं झालं?" एवढंच म्हणाला. मी त्याला सगळा वाद सुरुवातीपासून सांगितला, क्लब आणि कुटुंबापासून. तुझ्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबलो. तो सिग्नलला उभा होता. हिरवा झाला तरी त्यानं गाडी पुढे घेतली नाही. मागच्यानं हॉर्न दिला.

"तिचं बरोबर आहे, बाबा," तो म्हणाला, आणि गिअर टाकला.

दहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं कोणाची तरी बाजू घेतली, आणि नेमकी माझी नाही.

तेव्हा हा मुद्दा मी तुला देतो. लेखी देतो आहे, जपून ठेव. पण वेगळं झाल्यावर म्हाताऱ्यांचं पेन्शन कोणी द्यायचं, लंडननं की एडिनबरानं, या माझ्या प्रश्नाला तू त्या रात्री "उशीर झाला, झोपा आता" असं उत्तर दिलंस. ते ग्राह्य धरता येणार नाही. आकड्यांसहित पाठव.

बाबा